आत सोडलं म्हणजे बरी

१० फेब्रुवारी

दादा,

वाकून नमस्कार करायला डॉक्टरांनी बंदी घातली आहे, तेव्हा उभ्यानंच घे. खरं म्हणजे आडव्यानं घे, कारण हे पत्र मी पाठीवर पडून, छातीवर पुठ्ठा ठेवून लिहिते आहे. पेन उलटं धरलं की शाई उतरत नाही, म्हणून पेन्सिल. अक्षराला नावं ठेवू नकोस.

परवा फोनवर मी काय बोलले त्यातलं तुला एक अक्षर ऐकू गेलं नाही, नुसती शिट्टी ऐकू येत होती, असं वहिनी म्हणाली. सगळी नोकरी बाटल्या भरायच्या कारखान्यात त्या खणखणाटात काढल्यावर कान शाबूत राहणार कुठून! आणि मेसेज लिहायला तुझी बोटं जाड. तर आता पत्रच. मला उद्योग, तुला करमणूक.

ऑपरेशन नीट झालं. कमरेतली सरकलेली चकती काढली, मणक्यांना स्क्रू लावले. आता घरी आहे. कुशीवर वळायचं तर ओंडक्यासारखं अख्खं वळायचं, मधूनच पिळायचं नाही. कमरेला हा एवढा रुंद पट्टा. मला वाटतं मी रुबाबदार दिसते. हे म्हणतात हवालदार दिसतेस. उजव्या पायाला अजून मुंग्या येतात. तू लहानपणी माझं नाव मुंगी ठेवलंस ना, घे, आता मुंगीला मुंग्या. बाकी मी बरी आहे.

काळजी वाटते ती भिंगरीची. त्या दिवशी काय झालं ते तुला यांनी धड सांगितलं नसेल. मी माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढले होते आणि ती खाली स्टूल धरून उभी होती. बेल वाजली, ही दार उघडायला पळाली आणि मी बॅगेसकट खाली. डॉक्टर म्हणतात मणके आधीपासूनच गेलेले होते. दिवसभर कामावर वाकून दातांच्या कवळ्या घासत बसणाऱ्या बाईचं हे आज ना उद्या होणारच होतं, पडणं नुसतं निमित्त. पण तिच्या डोक्यात काय बसलंय कोण जाणे. मी तिला हजारदा सांगितलं, अगं तू स्टूल सोडलंच नव्हतंस, माझाच पाय घसरला. ती नुसती मान हलवते. घरात एका जागी पाय न टिकणारी पोर, उगाच का भिंगरी म्हणतो आपण तिला, पण हल्ली शाळेतून आली की माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसून राहते. मैत्रिणी हाका मारून जातात, जात नाही. रडतही नाही. रडली असती तर मी समजूत तरी काढली असती.

तू लिही तिला. तुझं ऐकते ती. का ऐकते हे एक कोडंच आहे.

मुंगी


१७ फेब्रुवारी

मुंगे,

आडवा नमस्कार पोचला, उभा आशीर्वाद पाठवतो आहे. तुझं अक्षर बघून तुझी वहिनी म्हणाली, "बाईंची भूल उतरलेली दिसत नाही." मी म्हटलं, शाळेतही असंच होतं, तेव्हा कुठे भूल दिली होती?

बरी आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. ऑपरेशनच्या दिवशी मी इथे घरात येरझाऱ्या घालत होतो, आणि जावईबापू फोनवर काय सांगतात ते वहिनी मला पाटीवर लिहून दाखवत होती. "आत नेलं." "अजून आत." "बाहेर आणलं." लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! वर गेली का खाली आली, एवढंच बोलतो. पट्ट्यातला फोटो मात्र पाठव, हवालदारीण बघायची आहे.

भिंगरीचं एवढं मनावर घेऊ नकोस. पोरं आहेत, विसरतात. तिच्यासाठी वेगळं पाकीट ठेवलं आहे. ते फोडायचं नाही, वाचायचं नाही, उजेडाला धरून बघायचंही नाही. आमचा मामा-भाचीचा खासगी कारभार आहे.

दादा

(भिंगरीच्या पाकिटात)

भिंगरे,

आईच्या पलंगाशी बसून काय अंडी उबवतेस काय? ते नवं पार्क उघडलंय ना, ज्याच्या जाहिरातीत माणसं उलटी टांगून घेऊन बोंबलताना दाखवतात, त्यात पैसे देऊन बोंबलायचं असतं म्हणे. मी तर फुकट बोंबलतो. तर ऐक. आई बरी झाली की ती तुला तिथे नेणार. तिच्याकडून मी कबूल करून घेतो. हा मामाचा शब्द.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

तुझी चिठ्ठी मिळाली. मी अंडी उबवत नाही. मी लक्ष ठेवते.

आई बरी झाली हे कसं कळतं? आई सगळ्यांनाच बरी आहे म्हणते. शेजारच्या काकूंना म्हणाली, बाबांना म्हणते, डॉक्टरांना पण म्हणाली. मग काकू गेल्या आणि दार लागलं की भिंतीला धरून उभी राहते. मी बाबांना विचारलं, आई बरी आहे का? ते म्हणाले, होईल गं. होईल म्हणजे झाली नाही. आणि आई तर म्हणते आहे. मग कोणाचं खरं? तुला माहीत असेल तर कळव, म्हणजे मला नक्की कळेल.

स्टुलाचं आईनं तुला सांगितलं असेल. ती म्हणते मी सोडलं नव्हतं. पण माझेच हात होते, मला माहीत आहे.

हे तिला सांगू नकोस.

भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

अगदी सोपं आहे. पार्काच्या फाटकावर एक माणूस उभा असतो. गणवेशातला, मिशाळ. येणाऱ्या प्रत्येकाकडे तो वरपासून खालपर्यंत बघतो. आजारी माणूस त्याला लांबूनच ओळखू येतो, आणि आला की तो त्याला सरळ घरी पाठवतो. त्याला आजवर कोणी फसवलेलं नाही. तुझ्या आईचीही टाप नाही. तर त्यानं आत सोडलं म्हणजे समज, बरी. झालं समाधान?

आणि स्टूलबिल विसर आता. जेवत जा नीट.

मामा


२० मार्च

दादा,

तू त्या पाकिटांतून काय पढवलंस पोरीला? रोज उठून एकच धोशा: पार्कात कधी जायचं? दात घासताना पार्क, जेवताना पार्क, माझे व्यायाम चालू असताना पलंगाच्या कडेला उभी राहून पार्क. मी म्हटलं, अगं, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ, पळून जात नाही ते. तर म्हणे, "नाही, आत्ता. बघायचंय मला." काय बघायचंय ते सांगत नाही.

परवा माझा तोल गेला. तिला म्हटलं, "तुला माझ्या कमरेपेक्षा ते पाळणे जास्त झाले का गं?" ती आत गेली, आणि थोड्या वेळानं बघते तर माझ्या नव्या चपलेला मागून रबराची पट्टी शिवत बसलेली. सुई वाकडी करून ठेवली, चपलेला भोकं वेडीवाकडी. मी आणखी ओरडले. मनात येतं, माझी लेक इतकी आपमतलबी कधी झाली? हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटतं ते वाटतं.

चपलेवरून आठवलं, तुला हसायला एक देते. गेल्या आठवड्यात जिना उतरून खालपर्यंत गेले, फाटकाशी काकूंशी गप्पा मारल्या, परत वर आले, आणि उंबऱ्यात बघते तर उजव्या पायात चप्पलच नाही! ती जिन्यात मधेच राहिली होती आणि बाईसाहेब एका पायानं अनवाणी मिरवून आल्या. मला पत्ताच नाही. काकूंनी बघितलं असणार, पण बिचाऱ्या बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात कामावर जाईन म्हणते. मालकांनी माझी जागा धरून ठेवली आहे, पण किती दिवस धरतील! कवळ्या घासायचं चाक पायानं दाबायच्या पेडलवर चालतं, ते उजव्या पायाला. पाय जरासा सुस्त आहे अजून. जमेल.

डॉक्टर म्हणतात गर्दीत जाऊ नका, धक्का बसेल. ते सगळ्यांना तेच सांगतात. पट्टा बांधून एक दिवस जाऊन येते, म्हणजे हिचं तुणतुणं तरी थांबेल. बाकी मी बरी आहे.

मुंगी


२७ मार्च

मुंगे,

जा, जा, खुशाल जा. माणूस घरात पडून आंबतो. पोरगी हसेल, तुलाही वारा लागेल. उलट्या टांगणाऱ्या पाळण्यांच्या वाटेला जाऊ नकोस म्हणजे झालं; त्या हळू चालणाऱ्या होड्याबिड्या असतात, त्यात बस महाराणीसारखी.

चपलेचं वाचून मी इतका हसलो की शेजारच्यांना वाटलं मला ऐकू यायला लागलं. तुझी ही सवय जुनीच. शाळेत एकदा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गेली होतीस आणि दिवसभर कोणी बघत नाही म्हणून खूश होतीस.

भिंगरीला आपमतलबी म्हणू नकोस. तिच्या वयाला पाळणेच दिसणार, मणके कुठून दिसतील?

दादा

(पत्राच्या कडेला, दुसऱ्या अक्षरात)

वन्सं, हे हसत सुटलेत पण मला हसू आलं नाही. चप्पल निघाली ते कळलं नाही म्हणजे काय? पायाला लादी गार लागली नाही का? डॉक्टरांना हे सांगितलंत का? सांगितलं नसेल तर पार्काच्या आधी तिकडे जा. आणि मला खरं कळवा. तुमची वहिनी.


७ एप्रिल

दादा, वहिनी,

रविवारी पार्कात जाऊन आलो. मजा आली. हवा छान होती. भिंगरी फाटकातून आत गेल्या गेल्या अशी काही उड्या मारायला लागली की यांना आणि मला कळेना हिला झालं काय, अजून एक पाळणा बघितला नव्हता. माझा हात धरून म्हणाली, "आई, सोडलं! तुला सोडलं!" तिकिटं काढल्यावर सोडणार नाहीत तर काय करतील? पण किती दिवसांनी तिला तशी बघितली. तेवढ्यासाठी मी पुन्हा दहादा जाईन.

होडीत बसलो, आइस्क्रीम खाल्लं. जरा दमले, बाकी काही नाही. वहिनी, पाय ठीक आहे, उगाच काळजी करू नका.

मी बरी आहे.

मुंगी


९ एप्रिल

मामा,

आईनं तुला पत्र लिहिलं ते मी बघितलं नाही, पण मजा आली असं लिहिलं असेल. मी खरं सांगते.

फाटकावरच्या माणसाला मिशा नव्हत्या. पण गणवेश होता, म्हणून मला वाटलं तोच. त्यानं आईकडे बघितलं आणि म्हणाला, चला, पुढे चला. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. मग बाबांना फोन आला, कुठेतरी माणसं लिफ्टमध्ये अडकली म्हणून. बाबा म्हणाले, आपण सगळेच परत जाऊ. आई म्हणाली, तुम्ही जा, मी बरी आहे. मी पण म्हणाले, बाबा जा, आई बरी आहे, त्यांनी आत सोडलंय.

मग आम्ही होडीपाशी गेलो. तिथे पाटी होती, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये. मी आईला वाचून दाखवली. तिथल्या ताईनं पण विचारलं, काही त्रास नाही ना? आई म्हणाली, नाही, मी बरी आहे. बरी माणसं बसू शकतात म्हणून आम्ही बसलो. होडी हळू होती. पण ती उतरायच्या वेळी थांबत नाही, चालूच राहते, चालू होडीतून पाय उचलून कट्ट्यावर टाकायचा असतो. मी टाकला. आईचा उजवा पाय उचललाच नाही. तो मागेच राहिला आणि होडी पुढे गेली. आई पडली. मोठ्या आवाजात पडली. मी तिचा हात धरला नव्हता, कारण ती बरी होती ना, म्हणून मी आधीच उतरले होते.

त्या ताईनं लाल बटण दाबलं. सगळ्या होड्या थांबल्या. चाकाची खुर्ची आणली, तिला मागे झेंडा होता. खुर्ची असली की रांग लागत नाही, सगळीकडे पुढे घेतात. आई म्हणाली, बघ, आपली मज्जा झाली, आता रांग नाही. मग ती खुर्चीतून उठून बाकावर बसली तर रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, चालता येतंय की हिला. आई हसली. मला त्या काकूंना चावावंसं वाटलं.

मग मला आईच्या बुटातून लाल दिसलं. मी म्हटलं, आई रक्त. ती म्हणाली, कुठे? बूट काढला तर टाच कापली होती आणि मोजा भिजला होता. तिला माहीतच नव्हतं. मी विचारलं, दुखत नाही? ती म्हणाली, दुखतंय गं, पण मी शूर आहे ना.

मामा, मग मी एक गोष्ट केली. मी म्हटलं, आई, तू तिकडे आभाळाकडे बघ, मी पायाला चिमटा काढते, कळला की सांग. ती बघायला लागली. मी म्हटलं, काढला. ती म्हणाली, आई गं, हळू की!

मी चिमटा काढलाच नव्हता. मी हातच लावला नव्हता.

घरी आल्यावर तिनं बाबांना सांगितलं, बूट चावला.

त्या फाटकावरच्या माणसानं नीट बघितलं नाही. मी त्याला सांगायला पाहिजे होतं की हिचा पाय बघा. मी काही बोलले नाही कारण मला आत जायचं होतं. आधी मी स्टूल सोडलं आणि आता तिला होडीत बसवलं. दोन्ही वेळेला मीच.

आईला सांगू नकोस. पण तू काहीतरी कर.

भिंगरी


१५ एप्रिल

मुंगे,

आज चेष्टा नाही.

भिंगरीनं "सांगू नकोस" म्हणून लिहिलेलं पत्र मी तुला पाठवतो आहे. तिचा शब्द मोडतो आहे. तिनंच शेवटी म्हटलंय, काहीतरी कर. मला दुसरं काही सुचत नाही. आधी ते वाच. बसून वाच. मग हे वाच.

वाचलंस? आता तुला कळेल ती पार्क पार्क का करत होती. तिला पाळणे नको होते गं. तू बरी झालीस की नाही ते कसं ओळखायचं असं तिनं मला विचारलं होतं, आणि मी दीडशहाण्यानं गंमत म्हणून लिहून पाठवलं की फाटकावरचा माणूस आजारी माणसाला ओळखतो, त्यानं आत सोडलं म्हणजे बरी. तिनं ते खरं धरलं. तू तिला आपमतलबी म्हणत होतीस आणि ती तुला पास करून घ्यायला नेत होती. त्या चपलेला रबर शिवत होती तेव्हा तिला कळलं होतं की तुझा पाय चप्पल धरत नाही. आपल्या दोघांना नाही कळलं. तुझ्या वहिनीला कळलं, तिचं आपण ऐकलं नाही. ती परवापासून माझ्याशी पाटीवरही बोलत नाही.

तू प्रत्येक पत्रात "मी बरी आहे" लिहीत होतीस आणि मी "बरी झाली" असं वाचत होतो. मला तेच वाचायचं होतं. पण त्या पोरीला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तू तिला "आई गं" म्हणून दाखवलंस. न काढलेल्या चिमट्याला. मुंगे, ते वाचून मी दिवसभर जेवलो नाही. आता ती तुझं कुठलं बोलणं खरं मानणार? तू उद्या खरोखर बरी झालीस तरी ती विश्वास ठेवणार नाही.

जावईबापूंना सांग. डॉक्टरांना सांग. आणि पोरीला सांग. आम्ही दोघं महिनाअखेरीला निघतो. येऊ नका म्हणून लिहू नकोस, मला ऐकू येत नाही आणि आता मी वाचणारही नाही.

दादा


२४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी तुझ्यावर चिडले, मग तिच्यावर, की मामाला कशाला लिहायचं. मग तिचं पत्र पुन्हा वाचलं आणि चिडायला कोणी उरलंच नाही.

यांना सांगितलं. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, टाचेवरची पट्टी सोडवली, परत बांधली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे सगळं सांगितलं, चपलेपासून. डॉक्टर रागावले. मणके आणि स्क्रू ठीक आहेत, पडण्यानं त्यांना काही झालं नाही. पण पायाकडे जाणारी नस फार दिवस दाबलेली होती. ती पुन्हा कामाला लागेल किंवा नाही लागणार, ते आज कोणीच सांगू शकत नाही. बुटात घालायला टाचेपासून पोटरीपर्यंत येणारा एक प्लास्टिकचा आधार दिला आहे, त्यानं पाऊल लोंबत नाही. मालकांना फोन केला. ते म्हणाले, पेडल डाव्या बाजूला हलवून बघू. काल जाऊन बसून बघितलं. डावा पाय गाढव आहे, त्याला हळू आणि जोरात यातला फरक कळत नाही. एका आजोबांच्या कवळीचा सुळा पार भुगा करून टाकला. मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. हे काम मला परत जमेल की नाही, माहीत नाही. भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

तू येतोयस तर ये. पण आल्या आल्या तिला काही चेष्टा सांगू नकोस, निदान पहिला दिवस तरी. वहिनीला सांग, मी चुकले, भेटल्यावर काय बोलायचं ते बोला.

आता भिंगरीचं.

आज दुपारी हे कामावर होते. ती नेहमीसारखी पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. मी म्हटलं, "ऐक. मी बरी नाही." ती म्हणाली, "माहीत आहे." इतकं सरळ. मग मी सगळं सांगितलं. पायाचं, नसेचं. तुझं पत्र आल्याचंही. फाटकावरचा माणूस फक्त तिकिटं फाडतो, तो कोणाला तपासत नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे मामा खोटं बोलला?"

"मामानं चेष्टा केली."

"आणि तू?"

"मी खोटं बोलले."

ती नखानं चादरीचा धागा ओढत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि स्टूल?"

दादा, तोंडात वाक्य तयार होतं. इतके दिवस बोलून बोलून गुळगुळीत झालेलं: तू सोडलंच नव्हतंस, माझाच पाय घसरला. ते बाहेर पडणारच होतं. पण मला तो न काढलेला चिमटा आठवला. तिनं तेव्हा माझ्या तोंडाकडे कसं बघितलं असेल ते आठवलं नाही, कारण मी शहाणी आभाळाकडे बघत होते. मी म्हटलं, "सोडलं होतंस. बेल वाजली आणि तू सोडून पळालीस."

मला वाटलं, हिला फटका बसेल. तर तिनं केवढा मोठा श्वास सोडला! "हां," म्हणाली. "तेच तर. मला माहीतच होतं." आणि मग, "तुला राग आला होता?"

"पडल्या पडल्या आला होता. मग दुखायला लागलं, तेव्हा रागवायला सुचलंच नाही."

"आणि आता?"

"आता नाही. मोठ्या माणसानं स्टुलावर चढून लहान पोरीला धरायला लावायचंच नसतं. आणि माझे मणके त्याच्या आधीपासून खराब होते. त्या दिवशी पडले नसते तरी ऑपरेशन झालंच असतं. डॉक्टरांनी फोटोत दाखवलंय."

तिनं मान वर केली. "हे खरं आहे, की स्टुलासारखं?"

"हे खरं आहे."

माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे हलवले नाहीत. आणि मग दादा, एकदम फुटली. स्टुलाच्या दिवसापासून जे रडली नव्हती ते सगळं रडली. माझा उजवा पाय दोन्ही हातांनी कवटाळून, पोटरीला तोंड लावून, हुंदके देऊन. मी गप्प हो म्हटलं नाही, काही झालं नाही असंही म्हटलं नाही. झालं होतंच की.

बऱ्याच वेळानं, तोंड न उचलता, नाक ओढत तिनं विचारलं, "ओलं लागतंय?"

मी म्हटलं, "नाही. इथे नाही लागत."

ती उठली, डोळे पुसले, पलंगाला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आली आणि जिथे मला कळतं तिथे डोकं ठेवलं.

ये लवकर.

मुंगी